तिरकूचं शेवटचं पान

गावकरी मंडळी, पुण्याहून आलेले पाहुणे, सूसच्या सोसायटीतले काका-काकू, गुरुजी, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांनो,

मला बोलायला उभं केलंय. माझं नाव गुरुजींनी दिलं म्हणे. मला ते खरं वाटत नाही. गुरुजी मला पहिलीपासून ओळखतात. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणून मी लिहून आणलंय. कागद हातात आहे. पण मला रडू येतंय की राग, ते अजून कळलेलं नाही.

शकूताई गेल्या.

एवढं एक वाक्य लिहिलं आणि पुढचा सगळा कागद कोरा राहिला. आमच्या घरामागच्या दोन खोल्यांना आठवडाभर कुलूप आहे. मी येता-जाता त्या कुलपाकडं बघतो. कुलूप नवं आहे. शकूताईंनी कधी कुलूप लावलं नाही, मांजर आत-बाहेर करायचं म्हणून दारसुद्धा नीट ओढलं नाही. मग हे कुणी आणलं? आत असं काय आहे? आणि ज्या दिवशी आम्ही स्मशानातून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक खोकं गाडीच्या डिकीत गेलं, ते मी टाकीच्या आडून बघितलंय. त्या खोक्यात काय होतं?

आजची सभा दुःखाची आहे, मला कळतं. पण माझ्या दुःखाच्या शेजारी संशय येऊन बसलाय आणि तो जागा सोडत नाही. मी दोघांना बरोबर घेऊनच बोलणार आहे. कुणाला राग आला तर यावा.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी तुषार. शकूताई ज्या घरात भाड्यानं राहायच्या, त्या घरातला धाकटा. इंजिनिअरिंगला होतो, मध्येच सोडलं. तेव्हापासून गावात मला एक नाव आहे. अर्धवट. माझ्यासमोर कुणी म्हणत नाही. मी वळलो की म्हणतात, आणि मला ऐकू येतं. हा शब्द लक्षात ठेवा, मला तो पुन्हा लागणार आहे.

शकूताई पुण्यात शाळेत चित्रकला शिकवायच्या. नोकरी संपली आणि इकडं आल्या. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं करायच्या. चित्रं त्यांची, शब्द त्यांचे, आणि सगळं यमकात. त्यांच्या पुस्तकात म्हैस एसटीचं तिकीट मागायची आणि वेताळाला दात किडतात म्हणून आई चॉकलेट द्यायची नाही. पण त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा हे आम्हाला कुठं माहीत? आम्हाला एवढंच दिसलं की एक बाई रोज बांधावर येऊन बसते आणि कागदावर रेघा मारते.

मंडळी, आपल्या मुळशीत बांधावर बसून कागदावर रेघा मारणारं माणूस काय काम करतं?

बरोबर. हसू नका, तुम्हीपण तेच म्हणाला होतात. मोजणीवाली, नाहीतर एजंट. आमचे आबा तर काठी घेऊनच गेले. मी मागं होतो. आबा म्हणाले, "बाई, कुनाचा सातबारा काढताय?"

शकूताईंनी मान वर केली नाही. "यांचा," म्हणाल्या, आणि कागद फिरवून दाखवला. कागदावर खेकडा. डोळे काड्यांवर, एक नांगी कमरेवर, चेहरा अगदी तलाठ्यासारखा. "यांचं बीळ तुमच्या हद्दीत येतंय. विकायच्या आधी यांची सही घेतलीत का?"

आबा हसले. काठी टेकली आणि हसत खालीच बसले. त्याच दिवशी मागच्या दोन खोल्या शकूताईंना मिळाल्या. तरी पुढं दोन-तीन महिने आबा काही ना काही निमित्त काढून त्यांचे कागद बघून यायचे, की खेकड्याखाली गट नंबर तर लिहिलेला नाही. संशय आमच्या घरातच आहे. जमीन वाट्याला किती येईल माहीत नाही, हा मात्र मला पुरा मिळालाय.

आता त्यांचं काम कसं चालायचं ते सांगतो, कारण आजचं सगळं भांडण तिथंच आहे. हो, भांडणच म्हणतोय.

शकूताई आधी चित्रं काढायच्या. मग ओळी. मग एक कच्चं पुस्तक हातानं शिवायच्या, वाकळेच्या सुईनं. आणि त्या कच्च्या पुस्तकात प्रत्येक पानावर शेवटचा शब्द गाळलेला असायचा. यमकाचा शब्द. तिथं नुसती रिकामी जागा. ते पुस्तक घेऊन त्या माझ्या गाडीवर मागं बसायच्या आणि आम्ही शाळा-शाळा फिरायचो. कासारसाई, ताम्हिणी, सूसच्या सोसायटीचा हॉल. पोरांसमोर ओळ म्हणायच्या आणि शेवटच्या शब्दाच्या आधी तोंड बंद. ओठ असे घट्ट मिटायच्या. भुवया वर. पोरं ओरडून जो शब्द भरतील तो खरा. त्यांच्या मनातला वेगळा असला तर त्यांचा गेला कचऱ्यात.

ताम्हिणीला त्यांनी ओळ म्हणली होती,

"घाटामध्ये अडकून बसला म्हातारासा ढग,
ढाब्यावाला म्हणला, बाबा, चहा पिऊन..."

त्यांच्या मनात 'जग' होतं. चहा पिऊन जग. पोरं ओरडली, "बघ!"

मी येताना गाडीवर म्हणालो, ताई, ढगाला बघ, यमक घसरलं. तर म्हणाल्या, "घसरू दे, घाट आहे. मी त्याला जग म्हणत होते, केवढा मोठा उपदेश! पोरं म्हणतात, आधी चहा तरी पिऊन बघ." छापलेल्या पुस्तकात 'बघ'च आहे. काढून बघा.

"शेवटचा शब्द माझा नसतो रे, पोरांचा असतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला आता ते त्यांच्याच आवाजात ऐकू येतं, मागून, हेल्मेटमधून.

पोरांनो, ताईंच्या शेवटच्या पुस्तकातला तिरकू खेकडा आठवतो ना? पावसात त्याचं बीळ हरवतं, आणि तो आडवा आडवा चालत सगळ्यांना विचारत फिरतो. या बाकीच्यांना दाखवू आपण. मी म्हणतो.

"गाळ म्हणाला, बस की लेका, तुला कसली घाई?
तिरकू म्हणला, बीळ शोधतोय, हितंबी ते..."

ऐकलंत? अख्खी शाळा दणाणली. "न्हाई!" कुणी शिकवलं यांना? कुणी नाही. दर पानाला न्हाई. चिंचेखाली न्हाई, पाटात न्हाई, म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात न्हाई. आणि मग शेवटचं पान येतं. त्या शेवटच्या पानासाठी मी उभा आहे.

थोड्या वेळापूर्वी इथं श्रीकांतदादा बोलले. शकूताईंचे भाचे, बाणेरला असतात. ते चांगलं बोलले. रडले पण. आणि मग म्हणाले, "मावशीचं शेवटचं पुस्तक अर्धवट राहिलं होतं. ते मी पूर्ण केलंय. उद्या छपाईला जाईल." तुम्ही टाळ्या वाजवणार होतात, शोकसभा आहे हे आठवून थांबलात. मी बघत होतो. आणि त्यांनी शेवटच्या ओळी वाचून दाखवल्या. मी पुन्हा वाचतो, माझ्याकडे आहेत.

"शिळेखाली झुळझुळ पाणी मंद मंद वाहे,
'कोणी आहे का हो येथे?' उत्तर आले, 'आहे.'"

दादा, हे वाचताना तुम्ही कागदाकडं बघत होता. मी पोरांकडं बघत होतो. एकाचंही तोंड उघडलं नाही. त्या पुढच्या बारक्यानं शेजारच्याला विचारलं, "शिळेखाली म्हंजी? शिळ्या भाकरीखाली?"

हसा. शकूताई असत्या तर त्यांनी ती शिळी भाकरी लगेच चित्रात घेतली असती.

माझा पहिला संशय इथंच. 'वाहे' हा शब्द शकूताईंचा नाही. एकदा मी त्यांना विचारलं होतं, ताई, तुम्ही पुण्याच्या, मग पुस्तकात आमचं हाय-न्हाई कशाला घालता? पुण्यातली मास्तर लोकं नावं ठेवत असतील. त्या ब्रश धूत होत्या. म्हणाल्या, "अरे, 'आहे'ला यमक शोधायला निघाले की वाहे, पाहे, राहे. सगळे जुने कवी शाल पांघरून खोलीत येऊन बसतात. पोरांना बसायला जागाच उरत नाही. तुमच्या 'हाय'ला बघ. गाय, साय, माय, पाय. सगळं घरातलं." ज्या बाईनं हे म्हटलं, ती 'मंद मंद वाहे' लिहील? मरता मरता? मला पटवून दाखवा.

आणि दुसरा संशय, तो मोठा. पान अर्धवट होतं हे कुणी ठरवलं?

ताम्हिणीच्या शाळेत आम्ही तिरकू घेऊन गेलो, ती आमची शेवटची फेरी. आज कळतं ती शेवटची होती म्हणून. तेव्हा त्या जिना चढताना थांबत होत्या आणि मला म्हणत होत्या, "भिंतीवरचं चित्र बघतेय." भिंतीवर चित्र नव्हतं. शेवटचं पान आलं. पोरं ओरडली, अशी ओरडली की बाहेरचा कुत्रा पळाला. बाकी सगळ्या पानांवरचे शब्द शकूताईंनी तिथंच बसून पेनानं भरले. शेवटचा भरला नाही. मी म्हणालो, ताई, हा राहिला. म्हणाल्या, "राहिला नाही, ठेवलाय. हे पान असंच छापायचं. जे पोर घरी बसून वाचेल, त्यानं स्वतः म्हणायचा. त्याच्यासाठी मी तिथं नसेन ना ओठ मिटायला."

हे मी ऐकलं. मी एकट्यानं. याला पुरावा नाही, सही नाही, रेकॉर्डिंग नाही. समोर बसलेल्यांना काय वाटतंय ते मला दिसतंय. अर्धवट पोरगं, याच्या बोलण्यावर कोण पुस्तक थांबवणार?

ठीक आहे. अर्धवट मी हाय. पुस्तक न्हाई.

गुरुजी, पाणी नको. मी ठीक आहे.

तर संशय कुणाकुणावर घेतला ते सांगतो. प्रकाशक साहेबांवर घेतला. साहेब, तुम्ही मघापासून घड्याळ बघताय म्हणून नाही, आधीच घेतला होता. श्रीकांतदादांवर घेतला, कारण कुलूप त्यांनी लावलं आणि ते खोकं त्यांच्याच गाडीत गेलं. आणि सायलीवर घेतला.

सायली कोण ते सांगायला हवं. ती तिथं खांबापाशी बसलीय. सूसला राहते, तिच्या घरचे लातूरकडचे. या प्रकाशकांकडं पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर बसवायचं काम करते. दर शनिवारी शकूताईंकडं यायची. फाट्यावरून तिला आणायला मी जायचो. फाट्यावर सहाआसनी रिक्षा मिळतात, ते सगळ्यांना माहीत आहे. शकूताईंनाही माहीत होतं. तरी त्या दर शनिवारी म्हणायच्या, "तुषार, आज फाट्यावर रिक्षा नसतील बरं का." आणि स्वतःशीच हसायच्या.

जाऊ द्या. ही शोकसभा आहे.

नाही, सांगतोच. एकदा शकूताई मला म्हणाल्या, "तुझं त्या तिरकूसारखं आहे. जायचंय सरळ आणि चालतोयस आडवा."

मी म्हणालो, "मग काय करू?"

"विचार की."

"आणि न्हाई म्हणली तर?"

"तर मी आहेच. 'न्हाई'ला मी कितीपण यमकं जुळवून देईन. पण न विचारता स्वतःच उत्तर भरू नकोस. ती जागा तुझी नाही."

तर परवा मला फोनवर सायलीकडून एक फोटो आला. शेवटच्या पानाचा. 'मंद मंद वाहे' कॉम्प्युटरवर बसवलेलं, आणि खाली तिचं एकच वाक्य: "हे बघितलंस का?" मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हिनं बसवलं, आणि वर मला दाखवतेय! मी जे लिहून पाठवलं ते इथं सांगण्यासारखं नाही. तिचं उत्तर आलं नाही. म्हणजे नक्कीच हीपण त्यांच्यात सामील, असं मी ठरवून टाकलं. आज फाटकात ती समोर आली. मी तोंड फिरवलं. ती हळूच म्हणाली, "तुषार, ते पान मी तुला का पाठवलं असेल, एवढं तरी एकदा विचारायचंस."

मी विचारलं नाही. आत येऊन बसलो. हा कागद घट्ट धरून.

पण का पाठवलं असेल?

श्रीकांतदादांना ती ओळ बदला म्हणून सांगायची तिची नोकरी नाही. प्रकाशक तिचे साहेब. मग जो ती ओळ बघून पेटून उठेल, सभेत उभा राहून आरडाओरडा करेल, असा तिला माहीत असलेला माणूस कोण? गावात एकच आहे.

सायली, मान वर कर. असंच ना?

...बरं. बरं. कळलं.

कागदावर हे नव्हतं, मंडळी. हे आत्ता उभ्या उभ्या कळलं.

मग आता मी कागद बाजूला ठेवतो आणि शकूताईंनी सांगितलं तसं करतो. श्रीकांतदादा, मी तुमच्यावर संशय घेत होतो. आता विचारतो. ती ओळ तुम्ही का भरली?

तिथूनच बोला, उठू नका.

...माईकमध्ये आलं नाही, मी सांगतो. दादा म्हणतायत, "खोक्यात मावशीचं कच्चं पुस्तक होतं, त्यातली रिकामी जागा बघवली नाही." म्हणतायत, मावशीनं आयुष्यात काही अर्धं सोडलं नाही, शेवटचं पान कोरं गेलं तर लोक म्हणतील बाई पुरं करायच्या आधीच गेल्या. लहानपणी मावशी त्यांना ओळ म्हणायची आणि थांबायची, त्यांना शब्द कधी सुचायचा नाही, ते रडायचे, मग तीच सांगायची. या वेळी म्हटलं आपण सांगू. आणि साहेबांनी भाषा शुद्ध करायला सांगितली, म्हणून दोन्ही ओळी बदलल्या.

दादा, बसा. रडू नका. म्हणजे रडा, पण ऐका. तुम्ही मायेनं भरली. तरी ती जागा तुमची न्हाई. माझीबी न्हाई. आणि साहेब, भाषा लाख वेळा शुद्ध असली तरी ती जागा तुमच्या 'वाहे'ची तर मुळीच न्हाई. या सतरंजीवर बसलेत त्यांची हाय. 'शिळेखाली' काढा, दगड ठेवा. 'येथे' काढा, शकूताईंच्याच ओळी ठेवा. आणि शेवटचा शब्द रिकामा सोडा, शकूताईंनी सोडला होता तेवढाच. मोठा न्हाई, बारका न्हाई. तेवढाच.

दादांनी मान हलवली. साहेबांनीपण हलवली. सगळ्यांनी बघितलं ना? बघून ठेवा. कारण माझा संशय गेलेला नाही. सभेत मान हलवणारी लई माणसं मी बघितलीत. छापलेलं पुस्तक हातात येऊन मी शेवटचं पान उघडत नाही तोपर्यंत मी मानणार नाही. उद्या सकाळी छापखान्याच्या दारात मी उभा असेन. सायली, ती फाईल तेवढी उघडी ठेव. आणि सभा संपली की फाटकापाशी थांब. मला एक विचारायचंय. रिक्षा नसतील आज.

आबा, खोकू नका, संपवतो.

आता रीत आहे म्हणून आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. पण दरवेळसारखं, मनात आकडे मोजत, कधी संपतंय बघत, असं उभं राहायचं नाही. मी शकूताईंचं खरं शेवटचं पान म्हणतो. त्या जिथं ओठ मिटायच्या तिथं मी मिटणार. आणि तिथून पुढची जी शांतता, ती त्यांची.

पोरांनो, तुम्हाला शब्द माहीत आहे. ताम्हिणीचा कुत्रा पळाला होता तो शब्द. आज ओरडायचा न्हाई. लिमलेटच्या गोळीसारखा जिभेवर धरायचा. मोठ्या माणसांनो, तुम्हीपण. सुचला नाही तर रडायचं नाही, शेजारच्या पोराच्या तोंडाकडं बघायचं.

शकूताई, तुम्हाला आमच्या सगळ्यांचा नमस्कार. चपला दाराबाहेरच आहेत तुमच्या, त्यांना मी कुणाला हात लावू देणार नाही.

उठा सगळे.

"दगडाखाली अंधारात हलले कुणाचे पाय,
'आत कुणी हाय का?' म्हणला, आतनं आलं..."